कोठी वेगळी, कारखाना वेगळा

निगडी, भोसरी, मोशी किंवा चाकण या पट्ट्यात तुमचे घर असेल, तर पाळी म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. वडील तिसऱ्या पाळीहून घरी परततात तेव्हा तुम्ही शाळेला निघालेले असता. मोठी बहीण दुसऱ्या पाळीला असेल, तर रात्री तुम्ही झोपल्यावर ती जेवायला बसते. अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, तर शाळेला रविवारी. साहजिकच सारे घर एकत्र बसून एखादा चित्रपट पाहते आहे असा योग क्वचितच येतो. प्रत्येकाचे पाहणे-ऐकणे आपापल्या वेळी चालते आणि घरातल्या साठ्यातून काही ना काही कोणाला तरी हवेच असते.

या साठ्यात काय काय असते? गाणी आणि चित्रपट तर असतातच. पण आजोबांच्या आवाजाची कॅसेट, आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस फीत, धाकट्याच्या बारशाची डीव्हीडी आणि मोबाइलवर टिपलेल्या गणपतीच्या आरत्या हेही सारे आता अंकांच्या रूपात एका संगणकात जाऊन बसलेले असते. तोच संगणक हे सांभाळतो, तोच दूरचित्रवाणीला चित्र पुरवतो, त्यावरच कोणी खेळ खेळते आणि कोणी प्रकल्पाचा अहवाल लिहिते. मग दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली, चित्र मध्येच अडखळते. दुसरी, एके दिवशी संगणक सुरूच होत नाही. पहिली तक्रार सोसता येते. दुसरीत चित्रपट पुन्हा मिळवता येतील, पण आजोबांचा आवाज बाजारात मिळत नाही.

या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. सांभाळणे आणि रूपांतर करणे ही दोन अगदी निराळ्या स्वभावाची कामे आपण एकाच यंत्रावर लादतो. कोणत्याही कारखान्यात जाऊन पाहा. स्टोअर एका बाजूला असते आणि लेथ, प्रेस, ग्राइंडर दुसऱ्या बाजूला. स्टोअरमध्ये कोणी ग्राइंडर चालवत नाही. तिथे हवी शांतता, स्वच्छता आणि नोंदवही. यंत्रशाळेत धातूचा कीस उडणार, तेल सांडणार, यंत्र मध्येच बंद करून हत्यार बदलावे लागणार. घरच्या चित्रफितींसाठीही अशीच विभागणी करता येते. एक लहान यंत्र फक्त साठवणुकीसाठी ठेवायचे. त्याला आपण ‘कोठी’ म्हणू. दुसरे यंत्र चित्राचे रूपांतर आणि इतर उद्योग करील. त्याला ‘कारखाना’ म्हणू. दोघांत एक तार.

प्रथम कारखान्याचे काम पाहू, कारण त्याची व्याप्ती चटकन ध्यानात येत नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात असे धरू. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाइट, म्हणजे तीन बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे दाखवायची. गुणाकार केलात तर सेकंदाला सुमारे साडेपंधरा कोटी बाइट येतील, आणि दोन तासांच्या चित्रपटाला एक लाख कोटींहून अधिक, म्हणजे एक टेराबाइटहून जास्त. प्रत्यक्षात असा चित्रपट चार-पाच गिगाबाइटांत मावतो. म्हणजे तो सुमारे अडीचशे पटींनी आक्रसलेला असतो!

ही किमया कशी साधते? चित्राचे लहान लहान चौकोन पाडतात. एका चौकोनात आकाशाचा तुकडा असेल, तर त्यातले ठिपके जवळजवळ सारखेच असणार. तेव्हा प्रत्येक ठिपका वेगळा सांगण्याऐवजी ‘सरासरी इतकी, आणि तीवर एवढी मंद लहर, एवढी जलद लहर’ असे सांगितले तर आकडे पुष्कळ कमी लागतात. ध्वनीचे पृथक्करण मूळ स्वर आणि उपस्वरांत करतात, तसेच हे. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी ही गणिती रीत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केली. तिला विविक्त कोज्या रूपांतर म्हणतात. तुम्ही त्रिकोणमितीत शिकता तीच ही कोज्या. मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्रही बहुधा याच रीतीने आक्रसलेले असते.

दुसरी युक्ती हालचालीची. क्रिकेटच्या मैदानावर चेंडू सरकतो, गवत तिथेच राहते. मग पुढच्या चित्रात ‘हा चौकोन मागच्या चित्रातल्या अमुक जागेवरून घ्या’ एवढे सांगितले की पुरते. पण ती जागा शोधायची कोणी? थोडा हिशोब करू. सोळा बाय सोळा ठिपक्यांचे सुमारे ८,१६० चौकोन एका चित्रात बसतात. प्रत्येक चौकोन मागच्या चित्रात चारही बाजूंना सोळा ठिपक्यांपर्यंत सरकवून पाहायचा झाला, तर ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ जागा तपासाव्या लागतात, आणि दर जागी २५६ वजाबाक्या. सेकंदाला २५ चित्रांसाठी या वजाबाक्यांची संख्या सुमारे ५,७०० कोटी होते. प्रत्यक्षात आज्ञावली लिहिणारे अनेक आडवाटा काढून हे ओझे पुष्कळ कमी करतात, आणि अलीकडच्या प्रक्रियकांत या कामासाठी खास मंडलेही असतात. तरीही हे काम अवजड ते अवजडच.

हे ओझे घरात केव्हा उचलावे लागते? आक्रसण्याच्या पद्धती अनेक आहेत. लग्नाची डीव्हीडी एमपेग-२ पद्धतीची असते. २००३ साली एच. २६४ ही पद्धत आली, २०१३ साली एच. २६५. तुमच्या नव्या मोबाइलने आरती एच. २६५ मध्ये टिपली आणि दिवाणखान्यातली जुनी दूरचित्रवाणी फक्त एच. २६४ जाणते असे झाले, की मधे कोणीतरी दुभाषा लागतो. तो पहिली भाषा पूर्ण उलगडतो, वीस लाख ठिपके पुन्हा मांडतो आणि दुसऱ्या भाषेत पुन्हा आक्रसतो. हे सारे चित्र चालू असताना, वेळेच्या आत! इथेच चित्र अडखळते.

आता कोठीकडे वळू. मोठ्या साठवणुकीसाठी आजही फिरती चकती, म्हणजे हार्ड डिस्क स्वस्त पडते. तिच्यातली चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. चकतीची त्रिज्या सुमारे ४.७ सेंटिमीटर धरा आणि ५,४०० फेऱ्यांसाठी कडेचा वेग काढा. तो सेकंदाला साडेसव्वीस मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९६ किलोमीटर निघेल. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरच्या मोटारीचा हा वेग. आणि या वेगाने पळणाऱ्या पृष्ठभागावर वाचक-शीर्ष किती उंचीवर तरंगते? अवघ्या काही नॅनोमीटरांवर. माणसाचा केस सुमारे ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करा. शिवाय या शीर्षाला चकतीवरच्या अतिशय बारीक मार्गावर अचूक थांबायचे असते.

अशा यंत्राला हादरा सोसत नाही हे उघड आहे. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने चालू डिस्कांच्या मांडणीजवळ तोंड नेऊन जोरात आरोळी ठोकली आणि त्याच क्षणी डिस्कांना लागणारा वेळ वाढल्याचे आलेखावर दाखवले. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. तेवढ्यानेही शीर्ष मार्गावरून ढळले. (आपल्या घरच्या डिस्कवर हा प्रयोग करू नका!) घरघरणारे मोठे पंखे आणि डिस्क एकाच पत्र्याच्या पेटीत ठेवणे मला म्हणूनच पसंत नाही.

हादऱ्याइतकाच उष्णतेचाही त्रास. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या घरात जातो. बहुतेक डिस्कांसाठी साठ अंशांच्या आसपासची कमाल मर्यादा सांगितलेली असते. म्हणजे खोलीच्या तापमानावर केवळ वीस अंशांची सवलत उरली. शेजारी प्रक्रियक तासभर पूर्ण भाराने चालू लागला, तर ती सवलत तो खाऊन टाकतो.

आणि वीज अचानक गेली तर? इथे भौतिकशास्त्राचा एक सुंदर उपयोग केलेला आहे. फिरत्या चकतीत गतिज ऊर्जा असते. वीज जाताच चकतीची मोटर क्षणभर जनित्र बनते आणि तिने निर्माण केलेल्या विजेवर शीर्ष सुखरूप बाजूला नेऊन ठेवले जाते. शीर्ष वाचते, मात्र जे आकडे स्मृतीत होते आणि चकतीवर उतरायचे राहिले होते, ते जातात. अर्धवट लिहिलेली नोंदवही ही कोणत्याही कोठीवरची मोठीच आपत्ती होय.

मग कोठीला आकडेमोड करावीच लागत नाही का? लागते, पण सोपी. समजा तीन डिस्क आहेत. पहिलीवर १०११ लिहिले, दुसरीवर ०११०. तिसरीवर काय लिहायचे? प्रत्येक स्तंभातल्या १ची संख्या सम व्हावी असा अंक. म्हणजे ११०१. आता दुसरी डिस्क बिघडली. पहिलीचे १०११ आणि तिसरीचे ११०१ घ्या, प्रत्येक स्तंभात समता पाहा, आणि हरवलेले ०११० परत मिळते! वहीत करून पाहा. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली अशा मांडण्यांना ‘रेड’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. ५,७०० कोटी वजाबाक्यांच्या तुलनेत हे गणित म्हणजे पहिलीची अंकलिपी. ते मोबाइलच्या तोडीच्या लहान प्रक्रियकालाही सहज जमते. म्हणूनच कोठी अगदी साध्या, थंड आणि अल्प विजेच्या यंत्रावर चालू शकते.

विजेचा हिशोब तर मला फारच पटतो. कोठी चोवीस तास जागी हवी, कारण तिसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळी आठला काहीतरी पाहायचे असते. एकच मोठा संगणक सर्व कामांसाठी सदैव चालू ठेवला आणि तो १०० वॉट घेत असेल, तर वर्षाला ०.१ गुणिले २४ गुणिले ३६५ म्हणजे ८७६ युनिटे झाली. आता विभागणी करा. दोन डिस्कांची कोठी १५ वॉट घेते असे धरा. वर्षाला १३१ युनिटे. कारखान्याचे यंत्र ४० वॉटचे आणि दिवसाला तीनच तास चालू, ४४ युनिटे. एकूण १७५. म्हणजे दोन यंत्रे मिळून एका यंत्राच्या पाचव्या हिश्श्याएवढी वीज खातात!

हे आकडे माझ्यावर विश्वासून घेऊ नका. घरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते मीटरवरच छापलेले असते. समजा तो आकडा ३,२०० आहे. घरातल्या मोठ्यांना विचारून फ्रीज, पंखे वगैरे थोडा वेळ बंद ठेवा आणि केवळ संगणक चालू ठेवून दोन लुकलुकींमधला वेळ मोजा. १०० वॉटला सव्वाअकरा सेकंद यायला हवेत, १५ वॉटला ७५ सेकंद. मीटरला हात लावण्याची गरज नाही, नुसते पाहायचे. शिक्षकांनी वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर मांडले, तर कोणत्या घरात कोणते उपकरण ‘बंद’ असूनही वीज खाते तेही उघडकीस येईल.

वीज गेल्यावर या विभागणीचा आणखी एक फायदा दिसतो. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॉट-तास. रूपांतरातला तोटा आणि बॅटरीची मर्यादा धरून निम्मे हाती लागतात असे समजा. ४२ वॉट-तासांवर १५ वॉटची कोठी पावणेतीन तास चालेल. तीच बॅटरी दीडशे वॉट घेणाऱ्या संगणकाला पाव तास पुरेल. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण जोराने उपसल्यास शिशाची बॅटरी आपले सगळे देत नाही. तेव्हा यूपीएस कोठीला लावावा. कारखान्याचे यंत्र वीज जाताच बंद पडले, तर फार तर एक चित्रपट अर्धा राहील.

येथे तुम्ही शंका काढाल : माल एका यंत्रात आणि काम दुसऱ्यात, तर ने-आण करण्यातच वेळ जाणार नाही का? पाहू या. घरातल्या राउटरची साधी तार सेकंदाला १०० कोटी बिट, म्हणजे साडेबारा कोटी बाइट नेऊ शकते. प्रत्यक्षात दहा कोटी धरा. साडेचार गिगाबाइटांचा चित्रपट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला पाऊण मिनिट लागेल, आणि पाहायला दोन तास. तार दोन तासांत जवळजवळ सारा वेळ मोकळीच असते. मात्र ती तारच असावी. बिनतारी लहरींची लांबी सहा ते साडेबारा सेंटिमीटर असते आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंती त्यांना पुष्कळ क्षीण करतात. मोबाइल बिनतारी चालवा, पण कोठी आणि कारखाना तारेने जोडा.

मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती परवानगी. कोठीच्या व्यवस्थेत असे ठरवता येते की कारखान्याच्या यंत्राने घरगुती चित्रफिती फक्त वाचाव्यात. बदलू किंवा पुसू नयेत. चित्रपटाच्या धंद्यात मूळ निगेटिव्ह कधी प्रक्षेपकात घालत नसत. तिच्यावरून प्रती काढत, आणि ओरखडे पडायचे ते प्रतीवर पडत. इथेही तेच. कारखान्याचे यंत्र बाहेरच्या जाळ्याशी बोलते, त्यावर नवनव्या आज्ञावली बसवल्या जातात, खेळ उतरवले जातात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने जगभरच्या लाखो संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. अशी काही पीडा कारखान्यात शिरली, तरी ज्या दालनात तिला केवळ वाचता येते तिथे ती काही लिहू शकत नाही. याच कारणाने कोठी स्वतः बाहेरच्या जाळ्याला थेट उघडी ठेवू नये.

सर्वांनीच दोन यंत्रे घ्यावीत असे मात्र मी म्हणणार नाही. तुमची दूरचित्रवाणी सर्व पद्धती जाणत असेल तर दुभाषाची गरजच नाही; कोठी आणि दूरचित्रवाणी एवढ्यावर भागते. घरात जुना संगणक पडून असेल तर त्याला कारखाना करा. त्याला चोवीस तास जागवायचे नसल्याने त्याची भूक चालून जाते. त्यालाच कोठी करण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण वरचा ८७६ युनिटांचा हिशोब पाहता तो मला महागच वाटतो.

एक गोष्ट उरली. समतेची युक्ती एका डिस्कच्या बिघाडापासून वाचवते, आगीपासून नाही आणि घरच्यांच्या हातून पुसले जाण्यापासूनही नाही. पुसण्याची आज्ञा दिली की कोठी ती तितक्याच इमानाने सर्व डिस्कांवर बजावते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याच्याकडील जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारात होती. ८ जानेवारी २००३ रोजी त्या कोठाराला आग लागली. नायट्रेट फिल्मच्या रेणूंतच ऑक्सिजन असतो, म्हणून ती एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य. कित्येक जुन्या चित्रपटांची रिळे त्या दिवशी गेली. ज्यांची प्रत दुसऱ्या जागी होती ते चित्रपट राहिले.

म्हणून घरगुती चित्रफितींची एक प्रत दुसऱ्या गावी असावी. चिंचवडला राहणाऱ्याचे मामा राजगुरुनगरला असतील, तर एक जादा डिस्क त्यांच्या कपाटात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी बदलून आणा. ही रीत मागासलेली वाटते का? दोन टेराबाइट माहिती सेकंदाला ५ कोटी बिट या वेगाने इंटरनेटवरून पाठवायला ३ लाख २० हजार सेकंद, म्हणजे पावणेचार दिवस लागतील. तीच डिस्क पिशवीत घालून तुम्ही बसने दीड तासात मामांकडे पोहोचलात, तर तुमचा वेग सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट झाला. नाशिक फाटा ते चाकण रस्त्याची नेहमीची कोंडी धरून प्रवासाला तीन तास लागले तर हा वेग किती होईल, ते तुम्हीच काढा.